ओटी लिस्टमधलं शेवटचं नाव

इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे, आधी थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं समजेल. मुलगा एमबीबीएस करून सर्जरीत पीजीला लागलाय, दोनच महिने झालेत. त्याच्या युनिटला खरगोनकडचा एक पेशंट आहे, हर्नियाचा, एचआयव्ही पॉझिटिव्ह. त्याचं नाव तीनदा ओटी लिस्टवर (ऑपरेशन थिएटरच्या यादीवर) चढलं, तिन्ही वेळा ‘लास्ट केस’ म्हणून, आणि तिन्ही वेळा दुपारी वेळ संपला म्हणून कॅन्सल झालं. पोरगं राऊंडला बोललं की सर, याला पहिलं घेऊ या का, तर सगळ्यांसमोर झापलं त्याला. ताई विचारतायत की सगळेच डॉक्टर असा भेदभाव करतात का, मुलाने तोंड बंद ठेवावं का, आणि एवढ्या सगळ्यात त्याला काही लागण-बिगण तर होणार नाही ना.

ताई, तुमचा खरा प्रश्न तिसरा आहे हे कळतंय मला, मी डॉक्टर असले तरी आई पण आहे, म्हणून तो आधी घेते.

एचआयव्हीच्या रक्ताची सुई टोचली तरी लागण व्हायचा धोका हजारात ३ च्या आसपास असतो, आणि तो पण नंतर काहीच औषध घेतलं नाही तर. टोचल्यावर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, चोखायची नाही (हसू नका, बोट आपोआप तोंडात जातं लोकांचं, भल्याभल्यांचं जाताना पाहिलंय), आणि पेपच्या, म्हणजे लागण टाळायच्या, गोळ्या सुरू करायच्या, शक्यतो २ तासांत, ७२ तास उलटून गेले की मग उपयोग नाही, आणि पूर्ण २८ दिवस घ्यायच्या. पेशंट स्वतः एआरटी (एचआयव्हीची औषधं) नेमाने घेत असेल, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला असेल, तर धोका त्याहूनही पुष्कळ खाली जातो. खरी भीती बाळगायची असेल तर हेपॅटायटिस बीची बाळगा, लस न घेतलेल्याला ती सुई टोचली तर धोका शंभरात ३० पर्यंत जाऊ शकतो, आणि गंमत बघा, त्या पेशंटला कोणी एवढं घाबरत नाही, त्याची केस कोणी तीनदा ढकलत नाही. लस आहे, तीन डोस आहेत, नंतर रक्तात टायटर, म्हणजे लसीने किती संरक्षण तयार झालं ते, बघायचं असतं, १० च्या वर पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना विचारलं की टायटर किती, तर म्हणतात मॅम, फर्स्ट इयरला लावली असेल लस. असेल! तुमच्या मुलाला आजच विचारा.

आता त्या लास्ट केसचं. त्याचे सीनियर राक्षस नाहीत ताई, त्यांना कुणीतरी असंच शिकवलंय, त्यांच्या सीनियरला कुणीतरी, आणि तो तर्क ऐकायला बरोबर वाटतो, की पॉझिटिव्ह केस शेवटी घेतली की मग ओटी नीट धुता येते. पण मग आधीच्या पाच केसनंतर काय करता तुम्ही, नीट धूत नाही? अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह १२१ डिग्रीला चालतो, तो काही पेशंटचा रिपोर्ट वाचून कमी-जास्त तापत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणजे माणूस निगेटिव्ह आहे असंही नाही, लागण झाल्यावर काही आठवडे टेस्टमध्ये दिसतच नाही, आणि रात्री २ वाजता बायपासवरून ॲक्सिडेंटचा पेशंट येतो तेव्हा त्याचं रक्त आपल्या कोपरापर्यंत असतं आणि रिपोर्ट कुणाकडेच नसतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की थांबा, याला शेवटी घेऊ. म्हणूनच युनिव्हर्सल प्रिकॉशन्स म्हणतात त्याला, सगळ्यांना पॉझिटिव्ह धरून चालायचं, डबल ग्लोव्हज, चष्मा, सुई हातात न देता ट्रेमध्ये ठेवून द्यायची. ज्याला माहीत असलेल्या पेशंटची भीती वाटते तो माहीत नसलेल्या पेशंटच्या वेळी गाफील असतो, हे मी अनेकदा पाहिलंय, आणि सुया टोचतात त्या त्याच वेळी.

आणि पेशंटच्या बाजूने बघा जरा. खरगोनहून आलेला माणूस. रात्री दहापासून उपाशी, पाणी पण नाही, बायको वॉर्डाच्या बाहेर पायऱ्यांवर, दोघांची मजुरी बुडालेली, दुपारी तीनला सिस्टर येऊन सांगते की आज नहीं होगा भैया, खाना खा लो. असं तीनदा. त्याला कोणी शिवी दिली नाही, हाकललं नाही, कुठल्याही कागदावर ‘नकार’ असं लिहिलेलं नाही, चौकशी बसली तरी काही सापडणार नाही. हर्निया अडकला असता तर इमर्जन्सीत धावपळ करून केलंच असतं सगळ्यांनी. हॉस्पिटलातला भेदभाव बहुतेक वेळा असाच असतो, ‘नाही’ कोणी म्हणत नाही, ‘नंतर’ म्हणतात.

सगळेच करतात का, तर हो. मी पण केलाय. २६ वर्षं झाली मला मेडिसिनमध्ये, पहिली ९ सरकारी नोकरीत आणि पुढची एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, आणि हे जे खाली लिहितेय ते कुणाला शहाणपण शिकवायला नाही, माझ्याच हिशेबाच्या वहीतलं आहे.

आमचा दिवस कसा असतो ते माहीत असल्याशिवाय हे कळणार नाही. सकाळी ८ ला राऊंड, ३५-४० बेड, ९ पासून ओपीडी, २ वाजेपर्यंत सोमवारी १२० पर्चे (केसपेपर) सहज होतात. ५ तास म्हणजे ३०० मिनिटं, भागाकार करा, अडीच मिनिटं एका माणसाला, त्यातलं अर्धं मिनिट तो आत येऊन बसण्यात आणि पिशवीतून जुने कागद काढण्यात जातं. सोमवारी झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडच्या बस स्टँडला लागल्या की तासाभरात आमचा कॉरिडॉर भरतो. अशा वेळी डोकं काय करतं, तर माणूस दारातून आत येतानाच त्याची अर्धी गोष्ट स्वतःच लिहून टाकतं. हा दारूचा. ही टेन्शनची. हा टीबीचा. ही नौटंकी. दहातल्या आठ वेळा गोष्ट बरोबर निघते, म्हणून तर आपल्याला अनुभवी म्हणतात, आणि म्हणूनच उरलेल्या दोघांचं काय झालं ते आपण बघत नाही.

२००६-०७ च्या सुमाराची एक रात्र. अलीराजपूरकडचा १९-२० वर्षांचा मुलगा, सिकल सेलचा, महिन्यात तिसऱ्यांदा आलेला, पाय आणि कंबर धरून ओरडत होता. मला हँडओव्हरमध्ये सांगितलं गेलं, मैडम, बेड नौ, सुई का शौकीन है, ध्यान मत देना। सिकल सेलचं दुखणं म्हणजे काय, तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, हाडाच्या आत रक्त पोचत नाही, हार्ट अटॅकमध्ये हृदयाचं होतं ते हाडांचं होतं. पण बाहेरून काही दिसत नाही, एक्सरे नॉर्मल, बीपी नॉर्मल, सूज नाही. फक्त माणूस सांगतोय की दुखतंय, आणि तो माणूस मळक्या शर्टातला, हिंदी तोडकीमोडकी, महिन्यात तिसऱ्यांदा इंजेक्शन मागतोय. मी एक डायक्लोफेनॅक (साधं पेनकिलर) दिलं आणि ओरडलेच त्याच्यावर, की बाकी पेशंट झोपलेत. खरं पुस्तकात स्पष्ट आहे, क्राइसिस असेल तर तासाभराच्या आत तगडं पेनकिलर, मग अर्ध्या-एक तासाने पुन्हा बघायचं. मी पुन्हा बघितलं ते पहाटे, तेव्हा तो ओरडत नव्हता. छाती भरली होती त्याची, ताप, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८६. ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, सिकल सेलमध्ये फुप्फुसांवर येणारं जिवावरचं संकट. वाचला, रक्त बदलावं लागलं, आयसीयूत बरेच दिवस होता. पण ‘सुई का शौकीन’ हे तीन शब्द कुठल्या टेस्टमध्ये आले होते? मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की हायड्रॉक्सियुरिया त्याला कुणी कधी लिहूनच दिलं नव्हतं, जे घेतलं तर हे झटके कमी होतात. म्हणजे आम्ही आमचं काम केलं नाही म्हणून तो वारंवार येत होता, आणि वारंवार येतो म्हणून आम्ही त्याला नाव ठेवलं.

आता बरंच बदललंय म्हणा. १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलहून, सिकल सेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांचं स्क्रीनिंग करायचं ठरलं, लोक हातात कार्ड घेऊन येतात. कार्ड असलं की ड्यूटीवरच्या पोराचा विश्वास बसतो. माणसाने सांगितलं की बसत नाही, कार्डाने सांगितलं की बसतो, असो.

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे, आणि हे माझ्या एकटीचं नाही, सगळ्या भागाचं आहे. झाबुआ, अलीराजपूर, धारची माणसं वर्षानुवर्षं गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे दगड दळायच्या कारखान्यांत जायची, क्वार्ट्झची पांढरी पूड, तोंडाला फडकं बांधून. परत यायची ती खोकत, वाळलेली. आम्ही काय केलं, एक्सरे बघितला, आदिवासी, बारीक, खोकला, टीबी, औषध सुरू. सहा महिन्यांनी बरा नाही, मग ‘औषध नीट घेतलं नसेल, दारू पीत असेल’, परत टीबीचंच औषध. होती ती सिलिकोसिस, फुप्फुसात दगडाची धूळ बसलेली, त्याला टीबीच्या गोळ्यांनी काय होणार. गावंच्या गावं रिकामी झाली तिकडे. प्रकरण मानवाधिकार आयोगापर्यंत आणि सुप्रीम कोर्टात गेलं, २०१६ मध्ये कोर्टाने २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं. हे सगळं टळायला डॉक्टरने एकच प्रश्न विचारायचा होता, काम काय करतोस, कुठे करतोस. विजयनगरमधला कोणी आयटीवाला आला की आपण विचारतो ना, काम बसून आहे का, स्क्रीन किती तास. मग याला का नाही विचारलं? कारण आपल्याला वाटलं याचं काम म्हणजे मजुरी, त्यात विचारायचं काय.

(बायकांचं पण हेच. लोकमान्य नगरच्या एक काकू, ५८ वय, जबडा दुखतोय, घाम येतोय, आमच्याच कॅज्युअल्टीत त्यांना गॅसची गोळी दिली होती, सकाळी पोहे-शेव खाल्ले का म्हणून. त्यानंतर आम्ही नियम केला की नाभीच्या वर आणि नाकाच्या खाली काहीही दुखत असेल तर १० मिनिटांत ईसीजी, वय-बाई-पुरुष काही बघायचं नाही, सिस्टरने डॉक्टरला न विचारता काढायचा. १० मिनिटांचा नियम पुस्तकातलाच आहे, नाक-नाभी आमची.)

मशीनवर पण सगळं सोपवता येत नाही बरं. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर काळ्या कातडीवर सॅच्युरेशन खरं आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं, मशीन ९२ ते ९६ दाखवतंय पण रक्तात ऑक्सिजन खरा ८८ च्या खाली आहे असं काळ्या पेशंटमध्ये जवळपास १२ टक्के रीडिंगना निघालं आणि गोऱ्यांमध्ये ४ टक्क्यांपेक्षा कमी. आमच्या निमाडच्या उन्हात काम करणाऱ्या माणसाचं बोट कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. श्वास मिनिटाला २८-३० चालू आहे आणि मशीन ९४ म्हणतंय, तर मी मशीनचं ऐकत नाही, एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) करते.

डॉ. आंबेडकर आपल्या महूचे, इथून तासाभरावर. त्यांनी आपल्या आठवणींमध्ये काठियावाडातल्या एका शिक्षकाचं पत्र दिलंय, १९२९ चं. त्या अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी तिला धाप लागली. डॉक्टर यायला तयार झाला, पण वस्तीत शिरणार नाही या अटीवर. बाईला बाहेर आणलं, डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि तसाच हातोहात परत. डॉक्टर म्हणाला न्यूमोनिया. छातीला हात लावला नाही. फी घेतली. बाई गेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, बापरे, काय काळ होता. नंतर एकदा आमच्याच वॉर्डात कोपऱ्यातल्या बेडची केस शीट बघत होते, त्या बेडवर कुणीतरी पॉझिटिव्ह म्हणून लाल स्टिकर चिकटवला होता, शीटवर चार दिवस रोज ‘चेस्ट क्लिअर’ लिहिलेलं. मी स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे खाली हवाच जात नव्हती, पाणी भरलेलं होतं. चार दिवस चार जणांनी पायाशी उभं राहून ‘क्लिअर’ लिहिलं होतं. स्टिकर मी तिथेच फाडला, आणि तो बेकायदेशीर पण आहे, एचआयव्हीचा कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, त्यात उपचारात भेदभाव करायला बंदी आहे, न विचारता टेस्ट करायला बंदी आहे आणि त्याचं स्टेटस असं चारचौघांत टांगायला तर आहेच आहे.

इथपर्यंत वाचून बरेच लोक म्हणतील, मॅडम बरोबर बोलल्या, डॉक्टर लोक असतातच असे. थांबा, आता तुमच्याकडे येते.

आपल्या इंदूरच्या मराठी माणसाची एक सवय आहे, आणि मी रामबागेत वाढलेय, मला घरातूनच माहीत आहे. दवाखान्यात जायचं म्हटलं की आधी फोन. ‘अगं, आपल्यातलेच आहेत, वहिनीच्या मावसभावाचे शेजारी, जरा आत घे ना.’ आणि मी घेत होते. अडीच मिनिटांच्या ओपीडीत त्यांना दहा मिनिटं, खुर्ची, काका चहा घेणार का, मुलगा पुण्यालाच आहे ना अजून. मला हा कधी भेदभाव वाटलाच नाही, माया वाटली. परमुलुखात आपली चार माणसं, त्यांनी एकमेकांना धरून राहायचं, आजोबांपासून हेच ऐकलेलं. मग एक इंटर्न होती, झाबुआकडचीच, भिलाला आदिवासी समाजातली, घरातली पहिली डॉक्टर. पोस्टिंग संपताना मी तिला सहज विचारलं, काय शिकलीस. तिने बरंच काय काय सांगितलं आणि मग म्हणाली, मॅम, एक बात बोलूँ, आप मराठी में बोलती हैं तब मुस्कुराती हैं। बास, एवढंच. चिडून नव्हतीच बोलली ती, निरीक्षण म्हणून बोलली. मी त्या रात्री जेवले नाही नीट.

कारण ती दहा मिनिटं येतात कुठून? ती कोणाच्या तरी अडीच-अडीचमधूनच निघतात. काकांना आत घेतलं तेव्हा बाहेर चार जणं भिंतीला टेकून उभी असतात, त्यातला एक उभ्याउभ्या काळानिळा होत असेल तर मला कळणार नाही. मी कुणावर अन्याय केला नाही असं मला वाटत राहणार, कारण मी तर फक्त कुणावर तरी उपकार केला होता.

तेव्हापासून फोन आला की म्हणते, पाठवा, पर्चा काढायला सांगा, सिस्टर बीपी-नाडी बघून ठरवेल कोण आधी. नातेवाईक नाराज झाले, एका लग्नात तर एक बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत, पहिल्या पंगतीतून उठून गेल्या. दुसरं एक केलं, अलीराजपूरची आमच्याकडे आया आहे, तिला सोमवारी ओपीडीत माझ्या शेजारी बसवते भाषेसाठी, तिला त्याचे वेगळे पैसे मिळावेत म्हणून ट्रस्टशी आठ महिने भांडले. हसू अजून मराठीतच लवकर येतं, खोटं कशाला बोलू.

क्रम ठरवायचा एकच हक्क आहे आम्हाला, कोण जास्त सिरियस. पैसा असेल तर त्याने डीलक्स रूम घ्यावी, एसी घ्यावा, आंघोळीला गरम पाणी घ्यावं, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण अँटिबायोटिक कधी सुरू होणार हे रूमवरून ठरू नये, आयुष्मानच्या (सरकारी योजनेतल्या) पेशंटला राऊंड संपताना आणि डीलक्सला राऊंड सुरू होताना बघितलं जातं, हे होतं, आमच्याकडे पण होतं, मी उलट्या टोकापासून राऊंड सुरू करते तर मॅनेजमेंटला आवडत नाही. इमर्जन्सीचं तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगून टाकलंय की आधी जीव, पोलीस आणि कागद नंतर, सरकारी असो की प्रायव्हेट.

आणि उलटी बाजू पण आहे, पेशंट डॉक्टरशी, सिस्टरशी कसे वागतात. आडनाव विचारायची आपली जुनी खोड. एक आजोबा होते आपल्यातले, ब्रदर (पुरुष नर्स) सलाईन लावायला आला तर नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि हात मागे घेतला, म्हणाले दुसऱ्याला पाठवा. तो ब्रदर आमच्याकडे शीर शोधण्यात एक नंबर, काही बोलला नाही, ट्रे घेऊन बाहेर आला. मी आत गेले, म्हटलं आजोबा, सलाईन लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा, कोण लावणार ते आम्ही ठरवणार. अर्धा तास फुगून बसले, मग हात पुढे केला. त्यांना जुलाब होऊन डिहायड्रेशन झालं होतं, जिवाला तसा धोका नव्हता, म्हणून मी तो अर्धा तास थांबू शकले. बेशुद्धीकडे चालले असते तर वाद घालत बसले नसते, ज्याच्याकडून घेतील त्याच्याकडून लावून घेतलं असतं आणि हिशेब नंतर केला असता. आणि एखादी बाई म्हणाली की मला तपासायला बाईच डॉक्टर हवी, तर ते वेगळं आहे, ते लाजेचं आहे, कधीकधी मागच्या वाईट अनुभवाचं आहे, तिथे जमेल तेवढं जमवायचंच. दोन्हीला एका मापाने मोजणारे पण भेटतात मला.

हां, तर मुलगा. त्याने गप्प बसू नये, पण राऊंडला सगळ्यांसमोर बोलून उपयोग नव्हता, सर्जनला पोरांसमोर कोंडीत पकडलं की तो बरोबर असो की चूक, मागे हटत नाही. ओटी लिस्ट कोण लिहितं? सीनियर नाही लिहीत ताई, ज्युनिअर रेसिडेंट लिहितो, तुमचाच मुलगा, आदल्या दिवशी संध्याकाळी, हाताने. आधी लहान मुलं, मग शुगरवाले, मग बाकी, असा क्रम असतो आणि त्याला कारण असतं. त्याने गुरुवारची लिस्ट करताना भूलवाल्या मॅडमना जाऊन भेटावं, ॲनेस्थेशियाचा माणूस बाजूने असला की निम्मं काम होतं, आणि सरांना एकट्याला गाठून फक्त केसबद्दल बोलावं, की सर, तीनदा उपाशी राहिलाय, हर्निया आता आत ढकलायला जड जातोय, दोन नंबरला टाकू का. एचआयव्ही हा शब्दच काढू नये. सर नाही म्हणाले तर भांडू नये, पण केस शीटवर स्वच्छ अक्षरात लिहावं, तारीख, ‘केस तिसऱ्यांदा कॅन्सल, कारण वेळ अपुरा’, आणि खाली सही. कागदावर आलं की ते सगळ्यांना दिसतं, चौथ्यांदा तेच लिहायची वेळ आली तर वर विचारणा होतेच. त्याउपर पण काही झालं नाही तर कायद्याने २० किंवा त्याहून जास्त माणसांच्या हॉस्पिटलमध्ये यासाठी कंप्लेंट ऑफिसर नेमावा लागतो, तो कोण आहे ते शोधावं, बहुतेक वेळा त्या माणसालाच माहीत नसतं की तो आहे.

एक मात्र अजिबात करू नये, लिस्टचा फोटो काढून मोबाईलवर कुठेही टाकू नये. आजकालची पोरं तेच आधी करतात. त्यात पेशंटचं नाव आहे, त्याच कायद्याखाली स्वतःच अडकेल, आणि खरगोनला त्या माणसाच्या गावात काय होईल ते वेगळंच.

आणि लिस्टवर परत शेवटीच राहिला तर निदान पाणी तरी पाजा त्याला. साधं पाणी, दूध नसलेला चहा ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत चालतो, जेवण ६ तास आधी बंद, रात्री दहापासून कोरडं ठेवायची काही गरज नसते, भूलवाल्यांना विचारून सकाळी सात-आठला एक ग्लास दिला तरी फरक पडतो. वॉर्डात जाऊन त्याच्या शेजारी बसून मुलाने स्वतः सांगावं की आज किती वाजता होईल, नाही झालं तर का नाही. हे कुणाच्या परवानगीशिवाय करता येतं.

गुरुवारी काय झालं ते कळवा मला. आणि ते लसीचं कार्ड, कपाटात दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये असेल बघा, आमच्याकडे तिथेच सापडलं होतं. तीनच्या तीन डोसच्या तारखा आहेत का बघा आणि टायटर करून घ्या.